एकटीने उचललेला टप

चौथं भोक पाडताना ड्रिलच्या टोकाला स्लॅबमधली सळई लागली. स्टुलावर उभी असलेली ती खांद्यापर्यंत हादरली, पण बटण तिने सोडलं नाही. यंत्र बाहेर ओढलं, दोन बोटांचं अंतर सोडून पुन्हा टेकवलं आणि अंगाचा सगळा भार टाकून दाबलं. सिमेंटची भुकटी तिच्या पापण्यांवर आणि खाली उभ्या असलेल्या जीपवर पडत राहिली.

गॅरेजच्या दारात आई फोन हातात धरून उभी होती.

“दादा विचारतोय, रविवारी येऊ का?”

“नको म्हणून सांग.”

“अगं, आपणहून येतो म्हणतोय.”

“गेले तीन रविवारही आपणहूनच येणार होता. नको म्हण.”

आईने फोन कानाला लावला. “ती कामात आहे रे,” ती म्हणाली. “तुझं तू बघ कसं जमतं ते.”

तिने वरूनच ऐकलं आणि ड्रिल पुन्हा चालू केलं. दादाला ‘नको’ म्हणायला आईची जीभ कधी वळलीच नव्हती.

तिची रोपवाटिका होती. लहान रोपं कुठेही मिळतात. तिच्याकडे लोक यायचे ते डोक्याइतक्या उंच, तयार झाडांसाठी. ती पोचवायला जीप, आणि जीपवर फायबरचा कडक टप. सहा बोल्ट काढले की टप अख्खा सुटायचा, पण झाडं उभी न्यायची तर तो सुटा करून भागत नसे, उचलून बाजूला ठेवावा लागे. पासष्ट किलोंचं ते धूड. एक टोक तिने धरायचं, दुसरं दादाने. म्हणजे आधी दादाला फोन करायचा, त्याच्या सवडीने आठवडा ठरवायचा, आणि तो आला की “तुझ्या झाडांपायी माझी कंबर जाणार” हे हसून ऐकून घ्यायचं.

मागच्या वर्षी टप अर्धा वर असताना दादाच्या खिशातला फोन वाजला. त्याने एक हात सोडला. टप कलला, त्याची कड जीपच्या पत्र्यावर आपटली, आणि मधे तिच्या डाव्या हाताची दोन बोटं होती.

दोन महिने प्लास्टर होतं. हाडं जुळली, पण बोटं वळेनात. एकेकाळी डोळे मिटून कलम बांधणारी ती आता पट्टीचं एक टोक दातांत धरून बांधायची, आणि दहातली चार कलमं सुटायची. ते सुद्धा तिने सोसलं असतं. सोसवलं नाही ते दादाचं सांगणं. नात्यातल्या कुणाच्याही घरी चार माणसं जमली की तो तिचा हात वर करून दाखवायचा. “हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे बघा. टप उचलताना बाईसाहेबांचं लक्ष कुठे होतं कुणास ठाऊक!” लोक हसायचे. ती “तू हात सोडलास” म्हणाली, की तो डोळे मोठे करायचा. “मी? विचार आईला.”

आणि आई म्हणायची, “मी आत होते गं. मी काही पाहिलं नाही. झालं गेलं, आता उगाळून काय होणार?”

या वर्षी एका शाळेच्या मैदानासाठी साठ झाडं जायची होती. दादा तीन रविवार येतो म्हणाला आणि आला नाही. तिसऱ्या रविवारी तिने चिडून बारा झाडं टपाखाली आडवी कोंबली. पोचेपर्यंत सातांचे शेंडे मोडले होते. शाळेचा माळी एकेक झाड उतरवत गेला आणि शेवटी एवढंच म्हणाला, “ताई, ही तुमची वाटत नाहीत.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परत येताना ती तशीच वेल्डरच्या दुकानात शिरली.

वेल्डरने तिचं कागदावरचं चित्र उलटसुलट करून पाहिलं. छताला चार कप्प्या, चार पोलादी दोर, चारही एका कडीत येऊन भिंतीवरच्या हातयंत्राला जोडलेले. दांडा फिरवला की दोर गुंडाळला जाणार, टप सरळ वर.

“ताई, उतरवताना जपा,” तो म्हणाला. “वर जाताना ही खिटी चाकाच्या दात्यात पडत राहते, भार तीच पेलते. खाली घेताना खिटी उचलावी लागते. तेव्हा सगळं तुमच्या हातात. दांडा सुटला की गेलं.”

“नाही सुटणार.”

“बोटं...” तो म्हणाला आणि थांबला.

“उजव्या हाताने फिरवीन,” ती म्हणाली.

दोरांना टांगायची लाकडी चौकट तिने स्वतः जोडली. टप धरायचे पट्टे चौकटीला दोनदा बांधले, दोनदा सोडले. टपाची मागची बाजू काचेमुळे जड होती, तिकडचे पट्टे चार बोटं आखूड करावे लागले. मग टपाच्या जागी मातीची पोती लटकवली, टपाच्या तिप्पट वजनाची, आणि ती पाच दिवस तशीच लोंबू दिली. येता-जाता ती त्या पोत्यांना धक्का मारायची. आई म्हणायची, “कुणावर काढतेस गं एवढा राग?” ती पाना घेऊन एकेक नट पुन्हा आवळायची.

रविवारी सकाळी तिने बोल्ट काढले, पट्टे अडकवले आणि दांडा फिरवायला घेतला. खट्, खट्, खट्. टप जीपवरून वीतभर उठला, मग हातभर. कुठे कलला नाही, कुरकुरला नाही. गेल्या वर्षभरात पहिल्यांदा तिचा जबडा सैल झाला.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

“हे काय फाशीघर उभं केलंयस?” दादा आत येत म्हणाला. त्याने मान वर करून कप्प्या पाहिल्या. “वजन तरी मोजलंस का? छत खाली येईल एक दिवस.”

“पाच दिवस पोती टांगली होती. तिप्पट वजनाची.”

“पोती वेगळी, टप वेगळा. मला विचारायचं तरी होतंस.”

ती दांडा फिरवत राहिली. टप जरा जास्तच वर गेला होता, छताच्या दिव्याला टेकत होता. वीतभर खाली घ्यायला हवा होता. तिने डाव्या हाताने खिटी उचलली, उजव्या हाताने दांडा घट्ट धरला, आणि भार तिच्या मनगटात उतरला.

त्याच क्षणी दादा जीपच्या मागच्या भागात चढला आणि टपाच्या पोटात डोकं घालून उभा राहिला.

“हा पट्टा तिरका बसलाय बघ.”

“दादा, खाली उतर. खिटी उघडी आहे.”

“थांब जरा.”

“सगळा भार माझ्या हातावर आहे. उतर म्हणते ना!”

“धरलंयस ना? मग झालं.” आतून त्याचं हसणं घुमलं. “फक्त या वेळी हात नीट ठेव.”

खिटी तिच्या डाव्या हाताखालीच होती. नुसती खाली पाडायची, की टप जागच्या जागी अडकला असता. एका क्षणाचं काम.

तिने खिटी पाडली नाही.

वर्षभराचं सगळं तिच्या उजव्या मुठीत येऊन बसलं. मोडलेले शेंडे, सुटलेली कलमं, चार माणसांतलं हसू. दांडा घामाने निसरडा होत होता. टपाची कड दादाच्या मानेलगत होती, आणि तो आत शीळ घालत पट्टा चाचपत होता. ती त्याच्या मानेकडे बघत राहिली.

“बाहेर ये.”

आईचा आवाज होता. ती दारात उभी होती आणि दादाकडे बघत नव्हती. ती लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती.

“अगं आई, ती धरून आहे,” आतून दादा म्हणाला.

“तूही धरलंच होतंस,” आई म्हणाली. “फोन वाजेपर्यंत.”

शीळ थांबली. दादाने हळूच मान खाली घातली, वाकून टपाखालून निघाला आणि जीपमधून उतरला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं, त्या हसण्याला कुठे जावं ते कळत नव्हतं. तिने टप वीतभर खाली घेतला आणि खिटी पाडली. खट्. मग दांड्यावरून हात काढला.

“तेव्हा तू आत होतीस ना?” तिने आईला विचारलं.

“इथेच होते. दारात.”

“वर्षभर आत होते म्हणालीस.”

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “वाटलं, तुमचं तुम्ही मिटवाल.”

“आई, काय बोलतेस तू! मी काय मुद्दाम—”

“तू गप्प बस,” आई म्हणाली.

तिला वाटलं होतं, आईच्या तोंडून खरं ऐकलं की आपल्या छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. नुसता राग दादावरून सरकला आणि आईवर येऊन थांबला. दादाने हात सोडला होता तो एक क्षण. आई वर्षभर रोज तिच्यासमोर बसून जेवली होती, तिच्या दातांतली कलमाची पट्टी बघत आली होती.

ती जीपमध्ये बसली, मागे घेत टपाखालून बाहेर काढली आणि झाडांच्या ओळीपाशी नेली. एकेक झाड उचलून मागे उभं केलं. दहा, बारा, पंधरा. शेंडे मोकळे वर राहिले. दादा फाटकापाशी उभा होता. त्याने मदतीला हात पुढे केला नाही, आणि तिने मागितलाही नाही.

सगळं भरून झाल्यावर ती गाडीत बसली. आई शेजारच्या दाराशी येऊन उभी राहिली होती, पायात बाहेरच्या चपला घालून.

“झाडं उतरवायला कुणीतरी लागेल,” आई म्हणाली.

ती समोर बघत राहिली. ‘ये’ म्हणाली नाही. पण इंजिन चालू केलं तरी तिने गाडी गिअरमध्ये टाकली नाही.