बटाटाहारी

माझा धाकटा भाऊ एका कोंबडीमुळे शाकाहारी झाला. आम्ही दोघं लोकांची घरं हलवतो. एका म्हातारबांचं सामान दुसऱ्या गावी पोचवायचं होतं आणि त्या सामानात एक कोंबडी होती. तिला टेम्पोत मागे ठेवायला म्हातारबा काही केल्या तयार होईनात, म्हणून ती पुढे बारक्याच्या मांडीवर बसली. बारक्या म्हणजे माझा भाऊ. नावाचाच बारक्या, अंगाने माझ्या दीडपट. तीन तासांच्या रस्त्यात ती बया त्याच्या मांडीवर गाढ झोपली आणि उतरताना याचे डोळे पाणावले. त्या दिवसापासून कोंबडी बंद. मग एकट्या कोंबडीला सोडलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल, म्हणून बोकड बंद, मासे बंद.

"नशीब, कोंबडी होती," मी म्हटलं. "मांडीवर झाडाची कुंडी दिली असती तर उपाशी मेला असतास."

पण मेला नाही एवढंच. ताटातलं मटण उचललं आणि त्या जागी काही ठेवलंच नाही पठ्ठ्याने. उरला बटाटा आणि पाव. सकाळी बटाटा, दुपारी बटाटा, मधे बिस्किटं, आणि प्रत्येक खाण्यावर चहा. डाळीचं नाव काढलं की पोट फुगतं म्हणायचा. पालेभाजीला गवत म्हणायचा. जनावरांवर जीव आणि भाजीशी हाडवैर, असा हा शाकाहारी.

मी बरा सोडेन त्याला. जिन्यात दम खायला बसला की विचारायचो, "अंडं घालतोयस का?" खोकं उचलताना हात थरथरला की म्हणायचो, "पिसं गळायला लागली." गिऱ्हाइकं हसायची, मला आणखी चेव यायचा. सुरुवातीला तोही हसायचा. मग नुसताच ओठ ताणायचा. तिसऱ्या महिन्यात त्याने दम खायला बसणंच बंद केलं. मला वाटलं, गाडी रुळावर आली.

आमच्या धंद्यात एकच नियम आहे. जड वस्तू जिन्यावरून उतरवताना खालचा माणूस उलटा चालतो. त्याला पायरी दिसत नाही, वरच्याचं तोंडही दिसत नाही, मधे कपाट असतं. म्हणून वरच्याचा हात सुटायला लागला, तर सुटायच्या आधी त्याने "टेकव" म्हणायचं. त्यात लाज नाही. पंधरा वर्षं आम्ही एकमेकांच्या तोंडावर विसंबून जिने उतरलोय.

चौथ्या महिन्यात एका शाळेतल्या बाईंचं कपाट निघालं. शिसवी, आरशाचं, तीन दारांचं, तिसऱ्या मजल्यावरून. मी खाली, बारक्या वर. दुसरा मजला गेला. त्याच्या खालच्या वळणावर काही न बोलता अख्खं कपाट माझ्या अंगावर आलं.

मी भिंतीला चिकटलो. कपाटाचा कोपरा आणि भिंत यांच्यामधे माझा खांदा, आणि माझ्या तोंडून आवाजही निघेना. बाई वरून विचारत होत्या, "लागलं का हो? आरसा फुटला का?" आरसा शाबूत होता. माझा अंगठा काळानिळा झाला होता. कसंबसं कपाट टेकवून मी वर गेलो, ते शिव्या देतच. बारक्या पायरीवर बसला होता, चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"हात सुटतोय हे कळत नव्हतं तुला?"

"कळत होतं," तो म्हणाला. "दुसऱ्या मजल्यापासून डोळ्यांपुढे अंधारी येत होती."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू काय म्हणाला असतास, दादा?"

काय म्हणालो असतो ते मला पक्कं ठाऊक होतं. 'कोंबडीला बोलाव मदतीला.' बाईंसमोर म्हणालो असतो आणि वर स्वतःच हसलो असतो. माझा भाऊ माझ्या जिभेला इतका भ्यायला होता, की मी चिरडलो तरी चालेल, पण ती जीभ चालायला नको.

दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काय खाता, असं त्यांनी विचारलं आणि त्याने खरं ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही शाकाहारी नाही, बटाटाहारी आहात. शाकाहाराने काही बिघडत नाही, पण तो करावा लागतो." मग त्यांनी लिहून दिलं: दोन्ही जेवणांत डाळ, चणे, राजमा नाहीतर मसूर, रोज पालेभाजी, वर लिंबू पिळून, दही, शेंगदाणे, तीळ. चहा जेवणानंतर तासाभराने. आणि बी-बारा नावाची गोळी, कारण ते जीवनसत्त्व भाजीपाल्यात मिळत नाही. "कडधान्यं भिजवा, थोड्यापासून सुरू करा, पोट सवय करून घेतं. अंडी चालतील?"

बारक्याने विचार केला. "ती आपणहून देत असेल तर चालतील."

मी हसू गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा. ते सहन न होऊन म्हणालो, "माझंही रक्त तपासा. खाणाऱ्याचं रक्त कसं असतं ते दिसू दे याला."

चार दिवसांनी कागद आणायला मी एकटाच गेलो. बारक्याचं रक्त कमी होतं, बी-बारा कमी होतं, आम्हाला वाटलं होतं तसंच. मग डॉक्टरीणबाईंनी माझा कागद पुढे ओढला आणि विचारलं, मी भाजी शेवटची कधी खाल्ली. मी म्हटलं, कांदा खातो. त्या म्हणाल्या, कांदा धरत नाही. मग आणखी काही प्रश्न विचारले, ज्यांची उत्तरं मी आजवर बायकोलाही दिली नव्हती. माझी चिठ्ठी बारक्याच्या दुप्पट लांब निघाली. मी तिची बारीक घडी करून आतल्या खिशात घातली.

बारक्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आठवडा गेला. तो मुकाट्याने मसूर खात होता, लिंबू पिळत होता. मी एकही टोमणा मारला नव्हता, तरी त्याचं तोंड बंदच. मग एका घरचा फ्रीज उतरवायचा होता, चौथ्या मजल्यावरून. तो न बोलता वरच्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि मला दरदरून घाम फुटला.

मी खिशातला कागद काढून त्याला दिला. "वाच. मोठ्याने."

त्याने वाचायला घेतलं. कोलेस्टेरॉलपाशी भुवया वर गेल्या. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला. "'शौचास चार-चार दिवस होत नाही'? हे डॉक्टरने लिहिलंय? दादा, तू चार दिवस..."

"पुढे वाच. पाच फळं आणि इसबगोलही आहे."

तो फ्रीजला धरून खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. घरमालक दारातून डोकावून गेले. त्याने ती ओळ पुन्हा वाचली, त्यांना ऐकू जाईल अशी, आणि पुन्हा हसला. मी उभा राहून ऐकत होतो. झोंबत होतं, पण बरं वाटत होतं.

डोळे पुसत तो म्हणाला, "आज वरची बाजू नाही जमणार मला. हात अजून कापतोय."

मी आत जाऊन घरमालकांना सांगितलं, फ्रीज उद्या निघेल, तिसरा माणूस घेऊन येतो.