नाल्याच्या वळणावरची यादी

रस्त्यावर मेलेलं जनावर बाजूला सारायचं काम लटारूला कुणी नेमून दिलं नव्हतं. तो रस्त्याच्या कामावरचा रोजंदारी मजूर. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत कापायचं, पाणी तुंबलं तर वाट करून द्यायची. पण आलापल्लीच्या अलीकडे, नाल्याजवळच्या वळणावर, सकाळी काही ना काही पडलेलं असायचं. कधी घोरपड, कधी उदमांजर, एकदा तर चितळाचं पाडस. त्याच्यावरून पुन्हा चाकं जाऊ नयेत म्हणून तो ते फावड्यानं उचलून सागाखाली न्यायचा, वर पालापाचोळा लोटायचा आणि हात धुऊन कामाला लागायचा. चौदा वर्षं हेच चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याच वळणावर त्याची पोर चंदा गेली. कॉलेजातून सायकलीनं घरी येत होती. ट्रकवाला थांबलासुद्धा नाही. गावानं रस्ता अडवला, गतिरोधकासाठी अर्ज दिला. तो अर्ज कुठल्या टेबलावर विरला कोण जाणे. पंधराव्या दिवशी लटारू कामावर आला, त्याच वळणावर, कारण त्याच्या कामाचा पट्टाच तो होता. त्याची बायको इतवारी मात्र त्या रस्त्याला फिरकेना. मोहफुलं वेचायला जायचं तरी ती बांधाबांधानं लांबचा फेरा घ्यायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर चंद्रपूरच्या एका कॉलेजातली रंजीता बसनं तिथं उतरली. गाड्यांखाली मरणाऱ्या जंगली जनावरांची ती यादी करत होती. चहाच्या टपरीवर कुणीतरी तिला लटारूकडे बोट दाखवलं.

"भाऊ, तुमी फक्त कळवत जा," ती म्हणाली. "काय मेलं, कुठी मेलं, कोणत्या दिवशी."

"मी चवथी नापास, बाई. मले कुठी लिवता येते?"

"लिहू नका. फोनवर बोलून पाठवा, एक फोटो काढा. मी महिन्यातून एकदा येणार, तुमी रोज इथी असता. तुमी नाई सांगितलं तर हे जनावर मेलं हे कोणालेच कळणार नाई."

हे शेवटचं वाक्य लटारूच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी सगळे मजूर पांगल्यावर त्यानं फोन तोंडाजवळ धरला. "आज रानमांजर. पुलापासून वीस पावलं, आलापल्लीकडे." मागून ट्रकचा आवाज होता, म्हणून त्यानं तेच पुन्हा सांगितलं. तासाभरात रंजीताचा फोन आला, "मिळालं, भाऊ." मग तो रोजच पाठवू लागला. साप दिसला तर त्याच्या पोटाचा रंगही सांगायचा. पावसाळ्यात बेडूक इतके चिरडले जायचे की मोजताना त्याला मध्येच थांबावं लागायचं.

पोळा झाल्यावर रंजीता छापील यादी घेऊन आली. पानापानावर लटारूचं नाव होतं. त्यानं त्यावरून बोट फिरवलं.

"बाई, याच्यात माणूस चालते का?"

"म्हणजे?"

"माही पोरगी. याच वळणावर. तारीख पाठ हाये मले, टाइमबी."

रंजीताला टपरीवर कुणी हे सांगितलं नव्हतं. तिनं यादी मिटली.

"नाई चालत, भाऊ," ती म्हणाली. "ही जनावरांची यादी हाये."

"बरं. इचारून पायलं."

त्या संध्याकाळी त्यानं काहीच पाठवलं नाही. चार दिवसांनी मुंगूस मेलं, तेव्हा पाठवलं.

दिवाळीनंतर साहेब लोक आले. वळणाच्या दोन्ही बाजूंना गतिरोधक झाले, चितळाच्या चित्राचा पिवळा फलक लागला. सगळ्यात जास्त जनावरं इथंच मरतात असं यादीवरून दिसलं, म्हणे. गावातले लोक लटारूची पाठ थोपटून गेले. त्यानं घरी इतवारीला सांगितलं. सकाळी ती डोक्यावर पदर घेऊन त्याच्या मागोमाग निघाली, त्या रस्त्यानं, दोन वर्षांत पहिल्यांदा.

फलकासमोर येऊन ती उभी राहिली.

"हे तुमच्या यादीनं झालं?"

"हो."

"चौदा वर्सं तुमीच उचलून राह्यले होते ना? मंग तवाच काऊन नाई सांगितलं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती नुसतं विचारत होती, आणि म्हणूनच लटारूला तिच्याकडे बघवेना.

"कोणी इचारलंच नाई," तो म्हणाला. "मलेबी सुचलं नाई. मी नुसता बाजूले सारत गेलो."

इतवारी रस्त्याच्या कडेला गवतात बसली. समोरून एक ट्रक भरधाव आला, फलक दिसताच त्याचा वेग मोडला आणि गतिरोधकावरून तो सावकाश, एकेक चाक उचलत गेला.

"ट्रक थांबते," ती म्हणाली. "आता थांबते."

मग तिला रडू फुटलं. चंदाला नेलं त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. लटारूनं फावडं खाली ठेवलं आणि तिच्याजवळ बसला. ऊन चढलं, कामावरच्या मजुरांनी दोनदा हाका मारल्या, तरी तो उठला नाही.