पिवळं दार

"रुपा, घर कोणत्या बी रंगानं रंगव, पण दार पिवळंच ठेव माय. मला आता तेवढंच दिसतंय."

लेकीकडे सेनगावला जाताना चतुराबाईंनी जीपमधून मान बाहेर काढून हे बजावलं होतं. "व्हय आत्याबाई, शब्द दिला," सून म्हणाली होती.

सासूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवाळीनंतर हिंगोलीला ऑपरेशन करायचं ठरलेलं. तोवर गल्लीच्या तोंडाशी आलं की ओल्या हळदीसारखं दार लांबून उजळायचं आणि म्हातारी काठी टेकत बराबर घरी यायची.

पण इकडे कोमलचे फोटो येत होते. रुपाची ही लेक स्कॉटलंडला कापडाची नक्षी शिकायला गेलेली. जाता-येता दिसेल त्यातून ती रंग वेचायची. पावसात भिजलेली दगडी भिंत, समुद्रकाठचं धुकं, बसथांब्यावरच्या म्हाताऱ्याचा लोकरीचा कोट. सकाळी तुळशीला पाणी घालून, पोथी मिटून रुपा ते फोटो न्याहाळत बसायची. किती शांत रंग! आपल्याकडेच मेलं सगळं भडक, असं तिला वाटू लागलं.

नवरात्राआधी रंगारी सोनाजी आला. रुपानं मोबाइल पुढे धरला. भिंती धुक्याच्या रंगाच्या, दार भिजल्या दगडाच्या.

"वैनी, दार बी?" त्यानं विचारलं.

"दार बी." बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली, पण त्याला थांबवलं नाही. दिवाळीपर्यंतचाच तर प्रश्न, आपण हाताला धरून नेऊ-आणू, अशी मनाची समजूत घातली. मग बाळापूरहून दाराच्याच रंगाची साडीही आणली.

"रुपाबाई, घराला सुतक पडलं का काय?" शेजारच्या पुंजाजीनं विचारलं.

"तिकडं असंच असतंय, भाऊ," ती तोऱ्यात म्हणाली.

घट बसायच्या आदल्या सांजेला गल्लीतल्या बायका घर बघायला जमल्या. रुपा नवी साडी नेसून दाराला टेकून उभी. तेवढ्यात काठीचा आवाज आला. लेकीकडून एक दिवस आधीच निघालेल्या चतुराबाई घरासमोरून पुढे गेल्या, थबकल्या, माघारी आल्या. रुपाच्या पुढ्यात येऊन त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"बाई, जरा सांगता का, माझ्या लेकाचं, विजयकुमारचं घर कोणतं? पिवळं दार हाय बघा. आमी हितलेच हाव, पण सापडून न्हाई राहिलं."

एक बाई फिसकन हसली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. रुपानं हात तेवढा पुढे केला.

बांगड्या चाचपून सासू म्हणाली, "अगं, तू व्हय! माझेच डोळे गेले बघ. तुझा काय दोष?"

तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं रुपाला झालं.

दिवेलागणीला कोमलचा फोन आला. रुपानं रडत सगळं सांगितलं.

"आई, धुक्याचा फोटो पुन्हा बघ. मोठा करून."

धुक्यात दगडी घरांची रांग होती आणि मधोमध, नखाएवढं, एक पिवळंधमक दार.

"शेजारच्या आजीचं हाय. ती म्हणते, आभाळ असं मळकं, घरं सारखी. दार तरी हाक मारणारं पाहिजे."

इतके दिवस हातात धरलेल्या फोटोत ते दार होतं. रुपानं धुकंच तेवढं पाहिलं. तुळशीपुढे निरांजन ठेवताना तिला मान वर करवेना. एकही उपास कधी मोडला नव्हता. मोडला तो म्हातारीला दिलेला शब्द.

सकाळी तिनं घट बसवला. नवी साडी घडी करून पेटीच्या तळाशी टाकली, जुनं लाल लुगडं नेसली. सासू माळ ओढत बसली होती. तिला चहा देऊन रुपानं पिशवी उचलली.

"कुठं चालली गं?"

"हितंच, आत्याबाई. बाळापूरला."

नवरात्राच्या नेमाप्रमाणे पायात चप्पल नव्हती. दार हळूच ओढून घेऊन ती जीपच्या थांब्याकडे निघाली. रंगाचं दुकान उघडायच्या आत तिला पोचायचं होतं.