सात दिवस पुढे गेलेला चंद्र

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. दगडी, लाकडी चौकटीची, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. तुमच्यापैकी पुष्कळांनी पाटी पाहिलीही नसेल. पण माझ्यावर कधी कोणी अक्षरं गिरवली नाहीत. माझ्यावर मांडले गेले ते मोठ्या माणसांचे प्रश्न. ते पेलून पेलून मी आता फार थकले आहे.

खाणीत मी एका जाड थराच्या पोटात होते. कारागिराने छिन्नीने मला सुटी केली, घासून गुळगुळीत केली आणि चौकटीत बसवली. एका घड्याळजींनी मला त्यांच्या मुलासाठी विकत घेतलं. त्याच्या वर्गात सगळ्यांकडे वह्या होत्या, त्यामुळे एक अक्षरही न गिरवता चारच दिवसांत त्याने मला नाक मुरडलं. मग घड्याळजींनी मला दुकानात नेलं. घड्याळाची पाठ उघडायच्या टोकदार हत्याराने त्यांनी माझ्यावर एक चौकोन कोरला, त्याचे कर्ण कोरले, आत आणखी एक तिरका चौकोन कोरला. झाली बारा घरं. दुखलं खूप, पण दगडाच्या जातीने कुरकुर करायची नसते.

या घड्याळजींना सगळे आप्पा म्हणत. ते घड्याळं दुरुस्त करता करता प्रश्नकुंडली बघत. त्यात माणसाची जन्मवेळ लागत नाही. तो ज्या क्षणी प्रश्न विचारतो, त्या क्षणाचं आकाश मांडायचं आणि त्यातून उत्तर वाचायचं. त्या वेळी पूर्वेला जी रास उगवत असेल ती पहिल्या घरात. तिला लग्न म्हणतात. तिथून पुढे एकेक घर मोजत जायचं. दुकानाच्या भिंतीवर चाळीसेक घड्याळं होती आणि प्रत्येक आपल्याच तोऱ्यात चालायचं. त्यांतलं एकच आप्पा रोज सकाळी रेडिओवर लावून घेत. "बाकीची गिऱ्हाइकांची, हे आपलं," असं ते म्हणत. प्रश्न आला की त्या घड्याळातली वेळ माझ्या वरच्या कोपऱ्यात लिहायची, शेजारी तारीख, आणि मग ग्रह मांडायचे. उत्तर सांगून झालं की ओल्या फडक्याने मला पुसायचं.

पुढे आप्पांचा मुलगा कामासाठी दूर गेला आणि त्याची बायको दुपारचा डबा घेऊन दुकानात येऊ लागली. आप्पा तिला सूनबाई म्हणत, बाकी सगळे वहिनी. आप्पांची नजर बारीक आकड्यांवर ठरेना, तेव्हा ती पंचांगातले आकडे वाचून दाखवायला लागली. वर्षभरात ती ते आप्पांच्या आधी मांडायला लागली. मग आप्पांनी तिला रीतसर शिकवायचं ठरवलं.

तिची पहिली चूक मला आठवते. किल्ली हरवलेली एक शिक्षिका आली. वहिनीने ती दारातून आत आल्याची वेळ लिहून कुंडली मांडली आणि किल्ली पाण्याजवळ आहे असं सांगितलं. बिचारीने आठवडाभर हौद, बादल्या आणि मोरी उपसली. किल्ली निघाली शिवणाच्या डब्यात. आप्पा म्हणाले, ती आली तेव्हा उकाड्याबद्दल बोलत होती, मग गुडघ्यांबद्दल बोलली, किल्लीचं नाव तिने वीस मिनिटांनी काढलं. "प्रश्न पोटातून ओठावर येईल तेव्हा घड्याळाकडे बघायचं. उंबऱ्यावर आल्या आल्या नाही."

दुसरा नियम त्याहून कडक. एक प्रश्न, एक वेळ, एक कुंडली. उत्तर आवडलं नाही म्हणून तोच प्रश्न पुन्हा मांडायचा नाही. आणि लग्न अगदी शेवटच्या अंशात, म्हणजे उगवती रास संपतच आली असेल तर प्रश्न उशिरा आला असं सांगून पाटी पुसून टाकायची.

ते दिवस बरे होते. एकदा निवृत्त मुख्याध्यापक चष्मा कुठे हरवला ते विचारायला आले. आप्पांनी पेन्सिलला हातही लावला नाही. "याला कुंडली नको, आरसा पुरे," ते म्हणाले. चष्मा गुरुजींच्या कपाळावर होता. पण असे हसवणारे थोडे. बाकीचे येत ते घाबरलेले. बदली होईल का, मूल राहील का, तो परत येईल का. शब्द वेगळे, भीती तीच. आप्पा थकले तसे सगळे वहिनीकडेच येऊ लागले. ती घरचं आवरून यायची, दुकान सांभाळायची, आणि दिवसभर माझ्यावर लोकांची आकाशं मांडायची. संध्याकाळी तिच्या मनगटाला कळ लागायची. तिला कोणी कधी विचारलं नाही, बाई, तुझं कसं चाललंय?

मग एका सकाळी आप्पांचं पोट दुखायला लागलं ते थांबेना. दवाखान्यात कळलं की आतड्याला पीळ बसला आहे. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, वय पाहता जोखीम आहे, पण उद्या दुपारी बाराच्या पुढे थांबलो तर काहीच हातात राहणार नाही. आप्पा तापाच्या ग्लानीत. मुलाला फोन लावला, तर तो म्हणाला, ताई म्हणेल तसं करा. ताई म्हणजे आप्पांची थोरली लेक, वहिनीची नणंद. तिचा शब्द घरात शेवटचा. आणि ताई सही करायच्या आधी तडक दुकानात आली, माझ्यासमोर बसली आणि तिने विचारलं, आप्पा यातून उठतील का?

वहिनीने वेळ लिहिली. लग्न शेवटच्या अंशात. तिने नियम सांगितला आणि मला पुसलं. ताई उठून गेली, पण सही केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ती पुन्हा आली. तोच प्रश्न पुन्हा मांडायचा नाही, हे वहिनीने सांगून पाहिलं. ताई रडायला लागली, म्हणाली, माझ्या बापासाठी तुला एवढंही होत नाही? वहिनीने मांडली. या वेळी चंद्र आठव्या घरात. आठवं घर मृत्यूचं, एवढं ताईलाही ठाऊक होतं. तिने पदराचा बोळा तोंडात धरला आणि ती म्हणाली, मग कशाला त्यांना कापू द्यायचं? घरी नेऊ या.

मित्रांनो, बाराला अडीच तास उरले होते.

वहिनीने मला पुसलं. दहा वाजता ताईनेच पुन्हा म्हटलं, एकदा शेवटचं बघ गं. अर्ध्या तासात आकाश असं कितीसं बदलणार, मित्रांनो? पण वहिनीने पेन्सिल घेतली. तारीख लिहिली. वेळ लिहिली नाही. घड्याळाकडे तिने पाहिलंच नाही. सगळे ग्रह होते तिथे ठेवले, आणि चंद्र उचलून अकराव्या घरात मांडला. लाभाच्या घरात. तिचा हात हलका होता, पण मला ती पेन्सिल त्या पहिल्या हत्यारासारखी टोचली.

"ताई, बघा. उठतील," ती म्हणाली. "सही करा."

ताई धावत गेली. वहिनीही दुकान बंद करून मागोमाग गेली, आणि मी तशीच टेबलावर राहिले.

आप्पा वाचले. बाराव्या दिवशी ते काठी टेकत दुकानात आले आणि खुर्चीत बसले. मी समोरच होते, न पुसलेली. त्यांनी चष्मा लावला, ते माझ्यावर वाकले आणि एकेक घर मोजत गेले.

"वेळ नाही लिहिलीस."

वहिनीने फडक्याकडे हात नेला.

"आणि एका घराला सव्वादोन दिवस घेणाऱ्या चंद्राला तीन घरं, सात दिवस पुढे पळवलंस. धाप लागली असेल बिचाऱ्याला." त्यांनी टाक्यांवर हात ठेवला. "खरा कितव्या घरात होता, तुझ्या तोंडून ऐकू दे."

"आठव्यात."

"म्हणजे पाटीप्रमाणे मी गेलो." ते हसायला गेले, पण टाके ओढले गेले. "आता तूच सांग सूनबाई, चुकलं कोण? पाटी का मी?"

"मला नाही माहीत आप्पा," वहिनी म्हणाली. "मी दमलेय."

आप्पांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी स्वतःच फडकं भिजवलं आणि मला पुसलं. त्यांच्या हाताला जोर नव्हता, चंद्राची पुसट रेघ राहिलीच.

इकडे ताईने गावभर डांगोरा पिटला होता. वहिनीने पाहिलं म्हणून आप्पा उठले! दुकानासमोर रांग लागली. खऱ्या कुंडल्यांनी जे नाव दिलं नव्हतं ते एका खोट्या कुंडलीने दिलं. वहिनी प्रत्येकाला परत पाठवायची. शेवटी ताईच आली. लेकीचं लग्न ठरत होतं, स्थळ लाभेल का ते बघून दे म्हणाली. तेव्हा वहिनीने तिला समोर बसवून सगळं सांगितलं. चंद्र कुठे होता, कुठे मांडला, का मांडला.

ताईने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "मग आत्ताही तसंच मांड."

वहिनीने मला उचललं आणि भिंतीकडे तोंड करून फळीवर ठेवून दिलं. त्यानंतर तिने पेन्सिल हातात धरली नाही. आप्पा आणखी चार वर्षं जगले. त्यांनी तिला त्याबद्दल एका शब्दाने टोकलं नाही. ती घड्याळं दुरुस्त करायला शिकली. घड्याळ बिघडलं की बिघडलेलं दिसतं आणि चालू झालं की ऐकू येतं, हे तिला मानवलं.

मित्रांनो, मी आता धुळीत आहे आणि मला पुसा असं मी म्हणणार नाही. मला विसावा हवाच होता. मागणं आहे ते वेगळंच. तुमच्या घरात, शेजारात असं एखादं माणूस असेल ज्याला सगळे विचारतात. त्याने एकदा उत्तर दिलं की तेच पुन्हा पुन्हा विचारू नका. तिसऱ्यांदा विचारलंत तर ते मायेपोटी तुम्हाला हवं तेच सांगेल. त्याचं ओझं मात्र तुम्ही नाही, ते माणूस वाहील. मी पाटी, माझ्यावरचं फडक्याने निघतं.