पंधरा मिलिमीटरची खाच

२९०

बाबांनी तो डबा केला तेव्हा आतली लांबी दोनशे नव्वद मिलिमीटर ठेवली. त्या वेळचं ग्राफिक्स कार्ड दोनशे ऐंशीचं होतं. बाबांच्या मते दोन मिलिमीटर सूट पुष्कळ झाली असती. लेकीनं तीन दिवस डोकं खाल्लं तेव्हा कुठे त्यांनी दहा सोडले, तेही आपल्या ताटातला घास काढून दिल्यासारखे. मोकळी जागा म्हणजे आळशी सुताराची सही, असं ते म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची दारं, खिडक्या, कपाटं केली आणि ती सही कुठेही सोडली नाही.

डबा म्हणजे कॉम्प्युटरची पेटी. बाजारात ती पत्र्याची मिळते. ही एका मोडीत निघालेल्या जुन्या दाराच्या लाकडाची होती. समोरची फळी एकाच तुकड्यातली, अठरा मिलिमीटर जाड, आणि तिच्यातल्या रेषा अशा की पाण्यावरून वारा गेल्यासारखं वाटावं. खिळा नाही, स्क्रू नाही. कोपरे एकमेकांत गुंतवून सरसानं कायमचे धरलेले. एका बाजूची फळी तेवढी सरकून निघायची, आतलं यंत्र काढायला-घालायला.

डबा पुरा झाला आणि दोन महिन्यांत बाबांच्या हातांना कंप सुटला. कप बशीवर वाजू लागला. शर्टाची बटणं लेक लावू लागली. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हात आता असेच राहतील. बाबांनी हत्यारांना तेल लावून ती ट्रंकेत भरली आणि ट्रंक पलंगाखाली सारली.

म्हणजे डबा शेवटचा. घरात हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

रविवार, सकाळचे आठ

लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. तिचा धाकटा भाऊ परदेशात लिफ्ट दुरुस्त करायचा. आई गेल्यापासून तो फोनवर तीनच वाक्यं बोलायचा: जेवलात का, बरं आहे, ठेवतो. बाबांना वाटायचं, पोरगा तुटला. लेकीला ठाऊक होतं की तसं नाही, कारण दर रविवारी सकाळी आठला ती आणि तो एका खेळात भेटायचे.

खेळात दोघांची एक बोट होती. ती वल्हवायची, फुटली की डागडुजी करायची, थंडीवाऱ्यात या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर न्यायची, बस्स. पण हात कामात असले की धाकट्याची जीभ सुटायची. दोर बांधता बांधता तो मध्येच विचारायचा, आई शेवटी शेवटी मला ओळखत होती का गं? ताई वल्हं न थांबवता सांगायची, अरे, तुझंच नाव घेत होती. मग दोघं बराच वेळ नुसती बोट चालवायची.

तो खेळ महिन्याअखेर कायमचा बंद होणार होता. त्याचा नवा भाग आला होता, तोच समुद्र, पण बर्फाचा, आणि त्याला किमान बारा जीबीचं कार्ड लागत होतं. ताईचं जुनं कार्ड सहाचं. नवा खेळ उघडला की पडदा काळा पडायचा आणि पंखे बोंब ठोकायचे.

नाही जमलं तर फोन आहेच की, असं धाकटा म्हणाला.

फोन म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं.

वहीचं पान

तीन पंखे, सोळा जीबी, लांबी ३१८. ~~घ्यावं~~
तीन पंखे, बारा जीबी, ३०५. ~~घ्यावं~~ ~~घ्यावंच~~
दोन पंखे, बारा जीबी, २९८. ~~फक्त आठनं राहतंय~~
दोन पंखे, आठ जीबी, २४०. चालेल?
(खाली, दुसऱ्या पेननं) चालवू.

२४०

आठ जीबीचं ऐकून धाकट्यानं खेळातच कपाळाला हात लावला असणार. तो म्हणाला, ताई, आठवर खेळ उघडेल गं, पण तुला बर्फ दिसायच्या आत तू बुडालेली असशील. वीज पुरते का? पुरते, ती म्हणाली. तारा आहेत? आहेत. मग अडलंय कुठे? तिनं सांगितलं.  तो हळूच म्हणाला, पत्र्याचा एक घेऊन टाक ना.

आणि हा कुठे ठेवू, तिनं विचारलं. कांदे-बटाटे भरू त्यात?



वही टेबलावर उघडी राहिली ती तिची चूक. बाबा चष्मा शोधत आले आणि पान वाचत उभे राहिले. जीबी, वॉट, पंखे ही त्यांच्यासाठी परकी भाषा. पण मिलिमीटर त्यांना कळत होते. खोडलेले आकडे सगळे एका आकड्याच्या पलीकडचे होते, आणि तो आकडा त्यांचा स्वतःचा होता.

ती दुकानातून आली तेव्हा ते वही मांडीवर घेऊन बसले होते. हे सगळं माझ्या डब्यापायी खोडलंयस का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, छे हो, मोठी कार्डं फार तापतात. बाबा म्हणाले, खोटं बोलायला अक्कल लागते, तू तुझ्या आईवर गेलीस.

मग वही मिटून म्हणाले, "मोठं मागव. फळी कापू."

"बाबा, ती समोरची फळी आहे."

"मला सांगतेस?"

३०५

कार्ड आलं. विटेसारखं जड, तीन पंख्यांचं, जाडी बावन्न. ताईनं जुन्या कार्डाचं सॉफ्टवेअर काढून टाकलं, यंत्र बंद केलं, प्लग उपटला, उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून बटण दाबून धरलं आणि नळाच्या तोटीला हात लावून घेतला, कारण अंगातली ठिणगीसुद्धा असल्या नाजूक गोष्टींना पुरते. जुनं कार्ड निघालं. मग बाकीचंही एकेक करून सगळं बाहेर आलं आणि पलंगावरच्या चादरीवर मांडलं गेलं, लाकडाचा भुसा आत जायला नको म्हणून. रिकामा डबा जेवणाच्या टेबलावर. आत बघितलं की अजून रंध्याचा वास यायचा.

पंधरा मिलिमीटर हवे होते. तिनं सुचवलं, फळी आतून पंधरा कोरू आणि समोर तीनचा पापुद्रा ठेवू, म्हणजे बाहेरून काही दिसणार नाही. बाबा म्हणाले, तो वर्षभरात तडकेल आणि गरम हवा कोंडेल ती वेगळीच. लपवायचं कशाला? आरपार खाच घ्यायची, उघड्या बाजूच्या कडेपासून आत दीडशे, उंची पंचावन्न.

ट्रंक बाहेर आली. तिनं करवत घेतली, पेन्सिल घेतली आणि गुण्या, सुताराचा काटकोन, बाबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो हातानं बाजूला केला.

रेघ

हे समजून घ्यायला हवं. बाबा आयुष्यात कधी गुण्या लावून रेघ मारत नसत. नजर आणि हात. त्यांच्या लाकूडकामाच्या कारखान्यात नवे आलेले लोक त्यांच्या रेघेवर नंतर गुण्या ठेवून बघायचे आणि मान हलवत परत जायचे. लेकीला त्यांनी आठव्या वर्षी करवत धरायला दिली होती ती एकाच अटीवर: कापणाऱ्यानं रेघेशी वाद घालायचा नाही. रेघ मारणारा वेगळा, कापणारा वेगळा. रेघ चुकली तर ते मारणाऱ्याचं पाप, सोडली तर कापणाऱ्याचं.

त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. पेन्सिल लाकडाला टेकली. श्वास रोखला. एक रेघ वर, एक खाली, एक उभी जोडणारी. चार मिनिटं लागली. कपाळावर घाम आला होता. मग पेन्सिल खाली ठेवून ते खुर्चीत बसले, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काप."

ताई रेघेकडे बघत राहिली. दुकानात ती अर्ध्या मिलिमीटरवर काच परत पाठवायची. वरची रेघ ठीक होती. खालची मध्यावर उचलली गेली होती, चार मिलिमीटर तरी, आणि मग घसरत परत आली होती. आंधळ्यालाही दिसलं असतं.

काही म्हणावं तर काय म्हणावं? बाबा, जरा वाकडी आलीय. पाच शब्दसुद्धा नाहीत.  मग तिनं बारीक पात्याची करवत उचलली.

तिनं रेघ सोडली नाही. रेघ जिथे चढली तिथे ती चढली, जिथे थरथरली तिथे पातं इवलंसं वळवत थरथरली. सरळ कापणं यापेक्षा कितीतरी सोपं होतं. लाकूड जुनं आणि घट्ट, भुसा पिठासारखा पडत होता. अर्ध्या तासानं तुकडा सुटून तिच्या तळहातात आला. बाबा अजून खिडकीबाहेरच बघत होते.

१

कार्ड ज्या पिशवीत आलं होतं तिच्यासकट खाचेत सरकवून पाहिलं. सत्तर मिलिमीटर आत गेलं आणि अडकलं.

बाबांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, लाकूड फुगलं असेल, थोडं घासते. बाबा म्हणाले, तीन वर्षं फुगलं नाही ते आज सकाळी फुगलं? ते उठून आले. चष्मा डोळ्यांवर नव्हता. त्यांनी खाचेच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं आणि उघड्या बाजूपासून आत नेलं. बोट कापत होतं, पण लाकूड त्याला अजून कळत होतं. बोट वर चढलं. थांबलं. परत मागे आलं आणि पुन्हा चढलं.



"मी मारली तशीच कापलीस?"

"हो."

"दिसत होतं तुला?"

"दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

 तिच्या मुठीत तो तुकडा होता, आणि तो लपवावा की दाखवावा ते तिला कळत नव्हतं. बाबांनीच तिची मूठ उघडून तो घेतला. कडेवरून अंगठा फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त हात हलत होते, ते तर नेहमीच हलायचे. त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला. मग पाणी प्यायला गेले. भांड्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

परत आले तेव्हा म्हणाले, "गुण्या घे."

तिनं उचलून त्यांच्याकडे धरला. त्यांनी मान हलवली.

"मी नाही. तू मार."

तिनं गुण्या टेकवला. आयुष्यात पहिल्यांदा बाबांना तोंडानं शिकवावं लागलं आणि त्यांच्याकडे शब्दच नव्हते. ते म्हणत, असं नाही, तसं. तसं म्हणजे कसं? अगं, तसं गं. हात पुढे यायचा आणि ते तो मागे घ्यायचे. शेवटी म्हणाले, लाकडाला विचार. ती म्हणाली, विचारलं, ते म्हणतंय बाबांना नीट सांगता येत नाही. बाबा हसले नाहीत, पण नाकातून हवा सोडली, आणि आई असती तर तिनं ते हसणंच धरलं असतं.

रेघ बसली. सरळ, दोन मिलिमीटर खालून. करवत पुन्हा गेली. मग कानस. कानस चालू असताना बाबा डोळे मिटून आवाज ऐकत होते आणि मध्येच म्हणत, डाव्या हाताला जास्त पडतंय. पडत होतं. लाट भुशात गेली. खाचेत कार्ड सरकलं आणि खाली पाच मिलिमीटरची फट उरली, त्यात बाबांच्या करंगळीचं नख जात होतं. त्यांनी ते घालून पाहिलं आणि बोट काढून घेतलं. 

रविवार

यंत्र परत आत बसलं. कार्ड खाचेतून आत गेलं, कडी खट् झाली, स्क्रू बसले, विजेच्या दोन तारा घट्ट लागल्या. समोरच्या फळीत आता कार्डाचं काळं टोक दिसत होतं, लाकडाच्या पृष्ठापासून तीन मिलिमीटर आत. बटण दाबलं. तिन्ही पंखे एकदा फिरून थांबले, आणि पडदा उजळला.

आठ वाजता धाकटा आला. आवाज स्पीकरवर होता, कारण बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. हे ताईनं त्याला आधीच सांगून टाकलं, म्हणजे तो भलतंसलतं बोलायला नको. तो एकदम सावध झाला. बाबा, जेवलात का, त्यानं विचारलं. सकाळी आठला? बाबा म्हणाले. 

बर्फ दिसू लागला. दूरवर पसरलेला, एकही काळा ठिपका नसलेला. बोट किनाऱ्याला टेकली होती. धाकटा दोर सोडू लागला, आणि दोर सोडता सोडता म्हणाला, "कार्ड मावलं कसं पण? तो डबा तर..."

"कापला," ताई म्हणाली.

दोराचा आवाज थांबला. "कोणी?"

ताई म्हणणार होती, बाबांनी. तोंडाशी आलं होतं. पण बाबा टेबलावर पुढे झुकले, आवाज जाईल की नाही अशा शंकेनं माइकच्या अगदी जवळ, आणि कारखान्यात एखाद्याचं काम पास करताना बोलत असावेत तसे बोलले.

"तुझ्या ताईनं. रेघ पण तिचीच."

 बोट पाण्यावर नुसती हलत होती.

मग धाकट्यानं विचारलं, "बाबा, कापताना तुम्ही तिथेच होतात?"

"होतो," बाबा म्हणाले, आणि खुर्ची आणखी थोडी पुढे ओढली. "सांगतो. तू दोर सोड आधी."