बयनाबाईंचा अर्धा टाका

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. मला उंदरांनी कुरतडले आहे, म्हणून नाक मुरडू नका. निजामाच्या राज्यात, भैंसा गावाजवळच्या एका खेड्यात साऱ्या बैठका माझ्यावरच भरत. माणिकराव पाटलांच्या पत्नी बयनाबाई मला सांभाळत. कुठे उसवले की नव्या दोऱ्याने लगेच टाका घालीत.

गावात पायऱ्यांची जुनी विहीर होती, आणि गावाला नारू लागला होता. पायातून दोऱ्यासारखा किडा निघे. तसल्या पायांनी बाया पाण्यात उतरत, नारूची पिल्ले पाण्यात पडत आणि तेच पाणी सगळे पीत. शाळेचे मास्तर गोपाळराव बैठकीत म्हणाले, "पायऱ्या बुजवा. वरून रहाटानं पाणी काढू."

माणिकराव भडकले. "आमच्या आज्यानं बांधल्या त्या! काऊन बुजवायच्या? उद्या म्हणाल, देऊळबी पाडा!"

तोवर गावात जुने राखणाऱ्यांचा पक्ष नव्हता. जुने सगळ्यांचेच होते. बदलाची गोष्ट निघाली आणि घाबरलेली माणसे माझ्या एका अंगाला, पाटलांच्या बाजूला सरकून बसली. त्यांची धास्ती मला समजत होती.

गोपाळराव म्हणाले, "पाटील, विलायतेतबी असे पक्ष हायेत. फ्रान्सात लोकांनी राजाचं मुंडकं उडवलं, तवा बाकीच्यांना धडकी भरली. जुनं एकदम मोडू नका, म्हणणारे एक झाले. पण त्यातले शहाणे म्हणत, जुनं टिकवाचं तर दुरुस्त करा लागते."

माणिकरावांनी यातले सोयीचे तेवढे उचलले. "मंग आमचाबी पक्ष!" पायऱ्या तशाच राहिल्या.

पुढे बयनाबाईंनाच नारू झाला. किडा ओढताना तुटला आणि पाय काळा पडला. माझा काठ शिवता शिवता त्या कण्हत म्हणाल्या, "अवं, बुजवा ना त्या पायऱ्या. सुनेला तरी हे नको."

"पक्षातले लोक काय म्हणतीन?" माणिकराव पुटपुटले.

बयनाबाई गेल्या. टाका अर्धाच राहिला. दिवसकार्याला माणिकराव माझ्यावर बसून ढसाढसा रडले, पण विहिरीचे नाव त्यांनी काढले नाही. दुसऱ्या दिवशी सून घागर घेऊन त्याच पायऱ्या उतरली.

मला मात्र माणिकरावांनी बायकोची आठवण म्हणून घडी घालून माळ्यावर ठेवले. कुणाला हात लावू दिला नाही. तिथेच उंदरांनी मला खाल्ले.

मित्रांनो, जुने जरूर जपा. मी स्वतःच जुनी, मला ते का नको असेल? पण घडी घालून ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. बयनाबाईंची सुई अजून माझ्या काठात गंजते आहे. कुणीतरी तो टाका पुरा करा.