पंच्याहत्तर मिलिमीटर

कागद वाचायचा नाही, बघायचा. संग्रामभियाने वल्लरीला कामावर घेतलं त्या दिवशी सगळ्यात आधी हेच सांगितलं होतं. प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याच्या हातात कुणाचं काय येईल याचा नेम नसतो. कुणाचा घटस्फोटाचा अर्ज, कुणाच्या रक्ताची तपासणी, कुणाच्या बदलीची यादी. आपण शाई नीट उमटली आहे की नाही तेवढं पाहायचं आणि कागद परत द्यायचा.

वल्लरीला हा नियम मनापासून पटला होता. धारच्या कॉलेजातून ती भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती, आणि मजकुरापेक्षा मजकुरावरच्या डागातच तिचा जीव रमायचा. डाग कुठे पडला, किती वेळा पडला, प्रत्येक पानावर तिथेच पडतो का, हे पाहत ती अर्धा अर्धा तास बसे. "भिया, ये लड़की मशीन का पंचनामा करती है," असं संग्रामभिया गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा.

दर मंगळवारी तिचा देवासचा फेरा असे. तिथल्या एका शिक्षण मंडळाची शाळा होती, शेजारीच मुलींचं हॉस्टेल होतं आणि कार्यालयात तीन प्रिंटर होते. एक सचिवांच्या खोलीत, एक परीक्षा विभागात आणि सगळ्यात जुना हॉस्टेल विभागात. नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी ती पोचली तेव्हा शिपाई दारातच उभा होता. सचिव भैयासाहेबांनी आधी आत बोलावलं होतं.

"ये बेटा, बस. चहा सांगू?"

"नको सर. आधी मशीन बघते."

"मशीन कुठे पळून चाललंय? पहले ये देख." भैयासाहेबांनी एक छापील कागद तिच्यापुढे सरकवला. त्यावर एक कोरा कागद ठेवून त्यांनी मजकूर झाकला होता, फक्त डावा समास उघडा होता. "गोपनीय आहे, म्हणून झाकलंय हं."

"झाकलं नसतं तरी चाललं असतं सर. आम्ही वाचत नाही, बघतो फक्त."

"असं?" भैयासाहेब हसले. "मग बघ. हे छींटे कसले आहेत?"

वल्लरीला माणूस शिस्तीचा वाटला. एरवी लोक पगाराच्या याद्यासुद्धा तिच्या नाकासमोर धरत. तिने पिशवीतून भिंग आणि स्टीलची पट्टी काढली. समासात मोहरीच्या दाण्याहून बारीक असे काळे ठिपके एकाखाली एक पडले होते. तिने पहिल्या ठिपक्यापासून दुसरा मोजला, दुसऱ्यापासून तिसरा मोजला. दोन्ही वेळा पंच्याहत्तर मिलिमीटर.

"सर, मशीनच्या आत जे जे गोल फिरतं, त्याच्यावर ओरखडा असला की तो प्रत्येक फेरीला एकदा कागदावर उमटतो. म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर हा त्या भागाचा परीघ. त्याला पायने, म्हणजे तीन पॉइंट चौदाने, भागलं की व्यास मिळतो. हा येतो चोवीस मिलिमीटर. हा ड्रम आहे, ज्याच्यावर अक्षरं तयार होतात तो."

"वा. आमच्या कोणत्या मशीनचा, सांगता येईल?"

"येईल ना. तुमच्या खोलीतल्या आणि परीक्षा विभागातल्या मशीनचे ड्रम तीसचे आहेत. त्यांचे ठिपके चौऱ्याण्णववर पडले असते. हे हॉस्टेलच्या जुन्या मशीनचं काम आहे."

"पण अशी जुनी मशिनं देवासात छप्पन्न असतील."

इथे वल्लरीने थांबायला हवं होतं. पण तोंडी परीक्षेत नेमका येणारा प्रश्न विचारला जावा तसं तिला झालं होतं. तिने रिपोर्टाचं पुस्तक काढून मागच्या महिन्याचं पान उघडलं. "हे बघा. हॉस्टेल विभाग, ड्रमवर ओरखडा, डाव्या कडेपासून अठरा मिलिमीटर. आणि हा तुमचा कागद, कडेपासून अठरा. ओरखड्याचा आकारही तोच, खाली जरा शेपटी आहे. दुसरं मशीन असूच शकत नाही, सर."

"शंभर टक्के?"

"शंभर टक्के."

"मुलगी हुशार आहे." भैयासाहेबांनी मान डोलावली. "आजच्या रिपोर्टात लिहून दे हे सगळं. तारीख टाक, सही कर."

तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सही केली. भैयासाहेबांनी कोरा कागद उचलला आणि खालचा फायलीत ठेवायला घेतला. त्या एका क्षणात तिची नजर मजकुरावर पडली. हिंदी होतं. कन्या छात्रावास में रात को कोई वार्डन नहीं रहती. कागजों पर जिनका नाम है, वे इंदौर में रहती हैं. खाली पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. वर कुठल्या तरी मोठ्या कार्यालयाचा आवक शिक्का होता आणि त्याच्याशेजारी तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, सचिव महोदय, आवश्यक कार्यवाही हेतु. ज्याची तक्रार केली होती, त्याच्याकडेच ती कार्यवाहीसाठी आली होती.

हॉस्टेल विभागात एकच माणूस बसायचं, मालनकाकू.

"जा बेटा," भैयासाहेब म्हणाले, "तुझं काम कर आता."

मालनकाकू एकोणीस वर्षं त्या टेबलामागे होत्या, तीही कंत्राटावर. दर जूनमध्ये अकरा महिन्यांचा नवा आदेश निघायचा. साठीला तीन वर्षं उरली होती. राहायला हॉस्टेलच्या मागच्या भिंतीला लागून मंडळाचीच एक खोली होती. नोकरी गेली की खोलीही जाणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"आलीस का गे डॉक्टरीणबाई! तुझा रोगी सकाळपासून कण्हतोय बघ. कागद गिळतो आणि मागे बाहेर काढतो."

वल्लरीने पिशवी खाली ठेवली, पण उघडली नाही. "काकू, तुम्ही वर एक पत्र पाठवलं होतं का? हॉस्टेलबद्दल?"

मालनकाकूंनी उठून दार लोटलं. "कोण म्हणालं?"

"मीच."

"तुला कसं ठाऊक?"

"मला नव्हतं ठाऊक. त्यांनी कागद झाकून दिला. मी फक्त मोजलं." तिने सगळं सांगितलं. ठिपके, चोवीस, अठरा, मागच्या महिन्याचं पान, आजची सही. सांगताना तिच्या लक्षात आलं की हे सगळं अजूनही तितकंच बिनचूक आहे.

मालनकाकू खुर्चीत टेकल्या. "श्रावणात बागलीकडची एक पोर तापाने फणफणली होती," त्या म्हणाल्या. "सहावीतली. वॉचमन फाटकाला कुलूप लावून घरी गेलेला. पोरी भिंतीवर थाळ्या बडवत होत्या, मला ऐकू जावं म्हणून. शिडी लावून उतरले गे मी, या गुडघ्यांनी. पोर वाचली. मग लिहिलं."

"बाहेर का नाही छापलंत, काकू?"

"बाहेरचा दुकानदार भैयासाहेबांच्याच शाळेत शिकलेला. तो वाचेल म्हणून भ्याले. म्हटलं, मशीन थोडंच वाचतं."

वल्लरी तशीच उठली आणि सचिवांच्या खोलीत गेली. "सर, माझं चुकलं. तो रिपोर्ट मला परत घ्यायचाय. त्या जातीच्या कोणत्याही मशीनवर असे ठिपके येऊ शकतात."

"आत्ता तर शंभर टक्के होतं."

"मोजण्यात चूक झाली."

"काही हरकत नाही. होतं असं." भैयासाहेबांनी कागद आणि पेन पुढे केलं. "लिहून दे तसं. मला नीट मोजता येत नाही, लिही. नीचे दस्तख़त."

शाळेपासून तिच्या नावावर एवढी एकच गोष्ट होती, की तिचं माप चुकत नाही. मग तिने लिहिलं. मला मोजमाप नीट जमलेलं नाही, आधीचा निष्कर्ष धरू नये. सही केली.

भैयासाहेबांनी ते सावकाश वाचलं. मग खणातून पोरांच्या कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी काढली, तक्रारीचा कागद समोर घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवून स्वतः मोजायला लागले. एकदा मोजलं, दोनदा मोजलं.

"पंच्याहत्तर," ते म्हणाले. "छान शिकवलंस, बेटा." आणि त्यांनी तिचे दोन्ही कागद एकाच फायलीत लावले.

पुढच्या मंगळवारी चौकशी झाली. मंडळाचे तीन सदस्य टेबलामागे बसले होते. साक्षीसाठी वल्लरीला बोलावलं होतं. नाही गेलीस तर तीन मशीनचा करार जाईल, असं संग्रामभियाने सांगितलं होतं. तिला काही बोलायची वेळ आलीच नाही. मालनकाकू आत आल्या त्या खुर्चीत न बसताच म्हणाल्या, "पत्र मी लिहिलं. मला विचारलं असतंत तर मोजामोजी करावी लागली नसती. आता वॉर्डनचं विचारा."

"तो आजचा विषय नाही," मधले सदस्य म्हणाले.

"मग कोणता आहे?"

"संस्थेच्या मशीनचा खाजगी कामासाठी वापर. किती पानं छापली?"

"दोन."

"दोन," त्यांनी लिहून घेतलं.

"सर," वल्लरी उठली, "पण त्या पत्रात जे लिहिलंय ते..."

"मॅडम," भैयासाहेब शांतपणे म्हणाले, "आप लोग तो पढ़ते नहीं ना? बसा."

ती बसली. त्या बसण्याची लाज तिला पुढे कित्येक दिवस वाटत राहिली. चौकशी वीस मिनिटांत संपली. प्रिंटरचीच झाली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. हॉस्टेल हा शब्द मशीनचा पत्ता म्हणून तेवढा आला. कंत्राट त्या दिवसापासून रद्द झालं आणि खोली आठ दिवसांत रिकामी करायची ठरली.

बाहेर व्हरांड्यात वल्लरीने मालनकाकूंना गाठलं. "काकू, मला माफ करा."

"माफी कसली?" मालनकाकू चप्पल घालत म्हणाल्या. "बरोबरच मोजलंस की." आणि मागे न बघता त्या पायऱ्या उतरून गेल्या. त्या धारकडच्या मनावर गावी भावाकडे गेल्या म्हणून कळलं. वल्लरीने दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा वाजत राहिला.

संक्रांतीनंतर मंडळाने जुनं मशीन मोडीत काढून नवं घेतलं. ते बसवायला संग्रामभिया दुसऱ्या कुणाला पाठवणार होता. पण भैयासाहेबांनी फोन करून सांगितलं, "वो नापने वाली बिटिया को ही भेजो." वल्लरीने जायला नकार दिला नाही. घरी वडिलांची शिवणाची टपरी रस्तारुंदीत गेली होती आणि दुसरं काम तिच्याकडे नव्हतं.

नव्या मशीनवर प्रत्येकाला स्वतःचा आकडी कोड घालावा लागे. कुणी, कधी, किती पानं छापली, ते आत साठून राही. भैयासाहेबांनी नावांची यादी दिली आणि ते तिच्या शेजारी उभे राहिले. ती एकेक नाव भरत गेली. सचिव, मुख्याध्यापक, हॉस्टेलची नवी कारकून उर्वशी. चौथं नाव होतं विद्युल्लता, छात्रावास वॉर्डन. भैयासाहेबांच्या सुनेचं नाव विद्युल्लता आहे आणि ती इंदूरला राहते, हे देवासात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

वल्लरीचं बोट थांबलं. "सर, या इथे राहतात?"

नव्या टेबलामागे बसलेल्या उर्वशीने मान खाली घातली.

"मशीनला त्याच्याशी काही मतलब आहे?" भैयासाहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"कोड कुणाकडे देऊ?"

"माझ्याकडेच राहू दे."

तिने नाव भरलं, चार आकडे घातले आणि ओके दाबलं. मशीन जरा गुरगुरलं आणि यादीचं पान बाहेर आलं. हाताला गरम लागलं. चौथ्या ओळीत वॉर्डन होती.